पहिली धार

संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर पहाटे पाचला मी गोठ्यात पोचले, तेव्हा मावशींनी सहापैकी दोन गाईंच्या धारा उरकल्या होत्या. तिसरीपाशी त्या उकिडव्या बसल्या, सड धुऊन कोरडे पुसले आणि कमरेला खोचलेलं काळं फडकं काढून एका वाटीवर ताणून बसवलं. एकेका सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा त्यांनी त्या फडक्यावर मारल्या. तीन सडांचं दूध गाळून खाली गेलं. मागच्या डाव्या सडाचंही गेलं, पण फडक्यावर तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे कण मागं राहिले.

"दगडी येतीय हिला," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या गाईकडं वळल्या. या गाईची धार आता सगळ्यांच्या शेवटी निघणार होती, म्हणजे तिचा संसर्ग मावशींच्या हातानं दुसऱ्या गाईकडं जाणार नव्हता.

मी त्या कासेला हात लावून पाहिला. मऊ होती. सूज नाही, ताप नाही, गाय वैरण खात होती. घरातल्या कर्त्या माणसाला, डॉक्टरांना किंवा डेअरीला यातलं काही कळायला आणखी दोन दिवस लागले असते.

पुस्तकात या रोगाला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. गावात दगडी म्हणतात, कारण रोग भरात आला की कास हाताला दगडासारखी लागते. म्हणजे नाव पडलं ते शेवटच्या अवस्थेवरून, आणि मला वाटतं आपली निम्मी चूक तिथंच झाली. कास दगड होईपर्यंत रोग आहे असं आपण धरतच नाही.

गाईच्या कासेत चार वेगळे कप्पे असतात. एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक कप्प्याला एक सड आणि सडाच्या टोकाला जेमतेम एक सेंटिमीटरची वाट. धार काढल्यावर ही वाट लगेच मिटत नाही. अर्धा तास, कधी तासभर ती किंचित उघडी असते. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की जंतू आत शिरतात. आत दूध आहे, ऊब आहे, ई. कोलायसारखा जंतू अशा जागी वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. मग गाईचं शरीर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धाडतं. त्या जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. फडक्यावर राहिलेल्या कण्या म्हणजे या लढाईत पडलेल्या पेशी आणि साकळलेलं दूध.

एरवी पुढं काय होतं ते कुठल्याही दूध उत्पादकाला ठाऊक आहे. दुधात गाठी दिसल्या की सडात ट्यूब सोडायची, जोडीला इंजेक्शन. उतार पडला तर दोन दिवसांत थांबवायचं, नाही पडला तर दुसऱ्या कंपनीची ट्यूब आणायची. जंतू कोणता, त्याला कोणतं प्रतिजैविक लागू पडतं, हे तपासायला दुधाचा नमुना पाठवणारा शेतकरी मला क्वचितच भेटला. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ती सोय असते, पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पण गाय तळमळत असताना अहवालाची वाट कोण पाहणार?

आणि औषध चालू असताना दुधाचं काय करायचं? नियम सांगतो की औषधाच्या वेष्टनावर दूध न वापरण्याचा काळ छापलेला असावा, आणि त्या औषधाचा काळ तपासून ठरवलेला नसेल तर तो किमान सात दिवस धरावा. वीस लिटरच्या गाईचं सात दिवसांचं दूध ओतून देणं म्हणजे काय, हे ज्याच्या डोक्यावर पेंडीच्या दुकानाची उधारी आहे त्याला विचारावं. माझ्या माहेरी एकदा आठवड्यात तीनदा दही लागलं नाही. आईनं विरजण बदललं, भांडं बदललं, थंडीला दोष दिला. शेवटी रतिबाच्या माणसानंच सांगितलं, की गाईला ट्यूब चालू होती. कासेतल्या जंतूंसाठी दिलेलं औषध दुधातून उतरून विरजणातल्या जंतूंना मारत होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यांतल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आकडा लहान आहे. पण दूध रोज पोटात जातं, पहिल्यांदा जातं ते लेकरांच्या, आणि थोड्या थोड्या औषधावर सराईत झालेले जंतू गोठ्यापुरते राहत नाहीत.

शिवाय सगळ्या दगडीवर प्रतिजैविक चालतं असंही नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा हमखास भेटणारा जंतू कासेच्या मांसात खोल गाठी करून बसतो. तिथं औषध पुरेसं पोचत नाही. संसर्ग जुना असेल, गाय चार-पाच वेतांची असेल तर ट्यूब सोडल्यावर दूध आठ दिवस स्वच्छ दिसतं आणि पुन्हा गाठी येतात. तेव्हा प्रतिजैविकाशिवाय काय करता येईल, हा प्रश्न काही सेंद्रिय शेतीवाल्यांच्या हौसेचा नाही. तो या वस्तीवरचा रोजचा प्रश्न आहे.

मावशींनी त्या सकाळी काय केलं ते सांगते. परसातून कोरफडीची पानं आणली, काटे काढून अडीचशे ग्रॅम वजन केलं. त्यात पन्नास ग्रॅम हळद आणि पंधरा ग्रॅम चुना घालून मिक्सरमधून काढलं. हळदीत चुना पडताच पिवळा गर रक्तासारखा लाल झाला. घरोघरचं कुंकू ज्या गुणानं होतं तोच हा गुण. दुखऱ्या सडातलं दूध पूर्ण पिळून, कास धुऊन, या लगद्यातला मूठभर पाण्यात पातळ करून त्यांनी सगळ्या कासेला लावला. असं दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. दररोज दोन लिंबं चिरून खायला. दुधात रक्त उतरलं तर दोन मुठी कढीपत्ता गुळात कुटून.

हे आजीबाईच्या बटव्यातलं वाटतं, पण या मापाचा माग काढत गेलं की आपण तंजावरला पोचतो. तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या तिथल्या वनौषधी केंद्रात डॉ. एन. पुण्णियमूर्ती यांनी गावोगावचे उपाय गोळा करून, पारखून ही मापं बसवली. बंगळुरूच्या ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठाचे डॉ. एम. एन. बालकृष्णन नायर यांच्या चमूनं त्यावर काम केलं, आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं दूध संघांमार्फत तो पाठ गोठ्यांपर्यंत नेला. मावशींना तो त्यांच्या भावजयीच्या फोनवरच्या व्हिडिओतून मिळाला होता.

याच परंपरेतल्या एका उपायाला माझा विरोध आहे, आणि तो इथंच नोंदवते. सड चोंदला तर कडुलिंबाच्या पानाची काडी हळद-लोण्यात बुडवून सडात घालायला सांगतात. सडाची ती सेंटिमीटरभर वाट हा कासेचा एकमेव दरवाजा आहे. गोठ्यात, न उकळलेली काडी त्या दरवाजातून आत सारणं म्हणजे जंतूंना हात धरून आत नेणं. तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, कसले कसले अर्क घरच्या सिरिंजनं सडात सोडणारेही पाहिले आहेत. कासेवर बाहेरून काय लावायचं ते लावा. आत जे जाईल ते निर्जंतुक आणि पशुवैद्याच्या हातूनच जावं.

आता लेपानं गाय बरी होते का? मावशींच्या अनुभवात होते. लेपाच्या बाजूनं बोलणारे अशाच हजारो गाईंचे दाखले देतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. अडचण वेगळीच आहे. सौम्य दगडीतल्या बऱ्याच गाई काहीही न करता बऱ्या होतात. विशेषतः ई. कोलायच्या गटातले जंतू सौम्य स्वरूपात असतील तर आपल्याला गाठी दिसेपर्यंत गाईनं लढाई जवळजवळ जिंकलेली असते. गाठी असलेल्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तर त्यांतल्या कितीतरी नमुन्यांत जंतू उगवतच नाहीत. अशा गाईला लेप लावा, ट्यूब सोडा किंवा अंगारा लावा, ती बरी होणार आणि श्रेय त्या उपायाला जाणार. नॉर्वेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कासदाहाच्या 57 गाईंचे तीन गट केले: एकाला होमिओपॅथी, एकाला प्रतिजैविक, एकाला औषध नसलेली नुसती गोळी. होमिओपॅथीच्या आणि नुसत्या गोळीच्या गाईंत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. हळद-कोरफडीच्या लेपाचीही अशी मोठ्या प्रमाणावरची, तुलनेला गट ठेवून केलेली परीक्षा व्हायला हवी. ज्यांना हा लेप आपला वाटतो त्यांनीच ती सगळ्यात आधी मागायला हवी.

पण या वस्तुस्थितीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गाय आपोआप बरी होणार असेल, तर तिला प्रतिजैविकही नकोच होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा भागात हे शेतावरच करून पाहिलं गेलं. सौम्य आणि मध्यम आजाराच्या गाईंचं दूध एका छोट्या तबकडीत रात्रभर उबवलं. ग्राम-पॉझिटिव्ह जंतू उगवले तरच ट्यूब सोडली. ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे ई. कोलायच्या गटातले, उगवले किंवा काहीच उगवलं नाही तर सोडली नाही. प्रतिजैविकांचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि गाईंचं बरं होणं, दूध देणं यांत उणं पडलं नाही. आपल्याला गाय बरी वाटण्यासाठी हाताला काहीतरी काम हवं असतं. ते काम सड वारंवार पिळणं, कास धुणं, लेप लावणं हे असेल, तर दिवसातून आठ वेळा कोणीतरी त्या गाईकडं निरखून पाहतं. ट्यूब सोडून निघून जाण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

एक रेषा मात्र ओलांडू नये. गाय तापली, रवंथ थांबलं, डोळे खोल गेले, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळ आलं, कास थंड पडून निळसर झाली, तर लेपात घालवलेला एकेक तास तिच्या जिवावर येतो. जंतूंचं विष रक्तात गेलेलं असतं. तिथं डॉक्टर हवेत, शिरेतून सलाइन हवं, प्रतिजैविकही हवं. प्रतिजैविक टाळणं हे व्रत नव्हे.

अशा वेळी वेदनाशामकाचा विचार आपल्याकडं फार कमी होतो. दगडी प्रचंड दुखते. सडाला हात लावू न देणारी गाय मारकुटी नसते, तिला कळा येत असतात. मेलॉक्सिकॅमसारख्या औषधानं सूज आणि वेदना उतरते, गाय चारा खाऊ लागते. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात प्रतिजैविकाच्या जोडीला ते दिलेल्या गाई कळपातून काढून टाकाव्या लागण्याचं प्रमाणही कमी दिसलं. इथं गोठ्याचा धागा थेट गिधाडांपर्यंत जातो. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतातली गिधाडं त्यानं जवळजवळ संपवली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. डॉक्टरांकडं ते नावानं मागावं.

उपचारांबद्दल एवढं लिहूनही मला वाटतं, की दगडीची खरी लढाई गाय आजारी नसताना होते. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि किंगविल यांनी 1960 च्या दशकात अनेक गोठ्यांवर हे दाखवून दिलं. धार काढून झाल्याबरोबर प्रत्येक सड आयोडीनसारख्या जंतुनाशकात बुडवला, तर नव्या संसर्गांत निम्म्याच्या आसपास घट होते. यात ना प्रतिजैविक, ना गुंतागुंतीचं यंत्र. मावशींकडं त्यासाठी झाकणाचा एक कप आहे. सड बुडवला की त्या गव्हाणीत हिरवा चारा टाकतात, म्हणजे गाय सडाची वाट मिटेपर्यंत उभी राहते. धार त्या पूर्ण मुठीनं काढतात. अंगठा मुडपून सड ओढायची सवय त्यांना माहेरून होती, ती मोडायला वर्ष लागलं म्हणाल्या. अंगठ्यानं सडाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि दुखावलेल्या जागी जंतूंचं फावतं.

आणि भाकडकाळ. गाय आटवल्यावर सडाच्या वाटेत केरॅटिनचं बूच तयार होतं. पण काही सडांत ते बनायला कित्येक आठवडे लागतात. या उघड्या दारासाठी जगभर एकच रिवाज पडला: आटवताना प्रत्येक गाईच्या चारही सडांत प्रतिजैविक भरायचं, गाय निरोगी असो की आजारी. नेदरलँड्सनं तो मोडला. पशुपालनातली प्रतिजैविकं 2009 च्या तुलनेत निम्म्यावर आणायची असं तिथं सरकार, शेतकरी आणि पशुवैद्य यांनी ठरवलं आणि करून दाखवलं. 2022 च्या जानेवारीपासून निरोगी जनावरांना सरसकट प्रतिजैविक देण्याला सगळ्या युरोपीय संघातच मनाई आहे.

त्याची किंमत डच लोकांनी लपवली नाही, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटतं. 97 गोठ्यांतल्या 1,657 निरोगी गाईंच्या दोन सडांत औषध भरलं, दोन तसेच ठेवले. औषध न भरलेल्या सडांत दगडी 1.7 पट जास्त झाली. कासदाहासाठी लागणारी प्रतिजैविकं मात्र 85 टक्क्यांनी घटली. दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी छापले. वाढलेली दगडी रोखायला बिस्मथ सबनायट्रेटचं मलम आहे. ते औषध नव्हे, नुसतं बूच. सड स्पिरिटनं नीट पुसून ते आत भरलं की गाय व्यायच्या वेळेपर्यंत वाट बंद राहते, आणि व्याल्यावर पहिल्या धारांबरोबर पिळून निघतं. पुसण्यात हयगय झाली तर मात्र जंतूच आत कोंडले जातात. लसीही आहेत. त्या दगडी होऊच देत नाहीत असं नाही, पण तिची तीव्रता कमी करतात. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचे, बॅक्टेरियोफाजचे प्रयोग चालू आहेत. दुधातली प्रथिनंच त्यांच्या आड येतात, म्हणून आज त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

निरोगी गाय कोणती हे डचांना कळलं, कारण त्यांच्याकडं प्रत्येक गाईच्या दुधातल्या पेशींची मोजणी होते. युरोपात मिलीलिटरमागे चार लाखांहून जास्त पेशी असलेलं दूध चालत नाही. आपल्या बहुतेक गावांतल्या संकलन केंद्रांवर भाव ठरतो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर. पेशी कोणी मोजत नाही, म्हणून छुपी दगडी कोणाला दिसत नाही. दूध रोज लिटर-दीड लिटरनं कमी येतं आणि आपण पेंडीला दोष देतो. खरं तर ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. 1957 पासून कॅलिफोर्निया चाचणी आहे: चार कप्प्यांच्या तबकडीत चार सडांचं दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण ओतायचं, गोल फिरवायचं. ज्या सडाचं दूध चिकट होऊन गोळा होईल तो सड बिघडला. पाकिस्तानात फैसलाबादच्या पशुवैद्यांनी तर कपड्यांच्या साबणाच्या पावडरीचं तीन टक्के द्रावण करून हीच चाचणी रुपया-दोन रुपयांवर आणली. साबण पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर पडतो आणि दूध शेंबडासारखं लांबतं.

या सगळ्यात एका गाईचं उत्तर माझ्याकडं नाही: जी बरी होतच नाही. परदेशात तिला कळपातून काढतात. आपल्याकडं गाईला कायद्यानं संरक्षण आहे आणि गोशाळेत जागा मिळेलच असं नाही, म्हणून ती लोणीच्या, काष्टीच्या, घोडेगावच्या बाजारात जाते. घेणारा चारही सडांची धार पाहतो, दूध त्या दिवशी स्वच्छ असतं, आणि जंतू नव्या गोठ्यात पोचतो. गाय विकत घेताना ही साबणाची चाचणी करायचा रिवाज पडला, तर बाजारातच निम्मा रोग अडेल असं मला वाटतं.

मावशींची ती गाय पाचव्या दिवशी बरी झाली. फडक्यावर कण उरले नाहीत, तबकडीतलं दूध पातळ राहिलं. लेपानं झाली की तिची तीच झाली, हे मी सांगू शकत नाही. मावशींनीही दावा केला नाही. ट्यूब सोडावी लागली नाही आणि एका सडाचं पाच दिवसांचं दूध सोडलं तर बाकीचं रोज डेअरीला गेलं, एवढं खरं.

त्याच आठवड्यात जवळच्या गावात स्वच्छ दूध उत्पादनाचं शिबिर होतं. मी गेले. मंडपात साठ-सत्तर माणसं, झाडून सगळे पुरुष. सभासदत्व त्यांच्या नावावर, दुधाचं बँक खातं त्यांच्या नावावर, म्हणून निमंत्रणही त्यांनाच. सकाळी अकराची वेळ, जेव्हा बायका रानात असतात. सड कसा बुडवायचा ते चित्रफितीवर पाहणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी त्या पहाटे धार काढली असेल. पहिल्या धारेतले दोन कण ज्यांच्या डोळ्यांना दिसतात त्या तिथं नव्हत्या.

दूध संघांच्या संचालकांना माझी विनंती आहे: पुढचं शिबिर दुपारी दोनला, एखाद्या गोठ्यातच घ्या, धारा काढणाऱ्या बायकांना नाव घेऊन बोलवा, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात एक तबकडी आणि सड बुडवायचा एक कप द्या. आणि ज्यांच्या दावणीला गाय आहे, त्यांनी शिबिराची वाट पाहू नये. उद्या पहाटेची पहिली धार फरशीवर सोडू नका. काळं फडकं प्रत्येक घरात असतं.